वाड्यांचं लाकूड नाशकातच राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर आपल्या रविवार पुरवणीत घराचं रूप पालटण्याविषयी पानभर मजकूर आला होता. फोटो सुरेख होते. आमच्या भिशीतल्या दोघींनी ते पान कापून कपाटाला आतून चिकटवलंय. रंग कोणते घ्यावेत, दिवे कुठे लावावेत, झाडं कुठे ठेवावीत, सगळं नीट सांगितलं होतं. जुन्या सामानाबद्दल मात्र एकच ओळ होती : 'नको असलेलं आधी काढून टाका.' त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहिते आहे, कारण गेलं वर्षभर आमच्या घरात याच ओळीवरून खल चालला होता.

मी इंदिरानगरात १९९३ पासून राहते. घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, पडदे आणि थंडीच्या आधी गोधड्या. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. गेल्या वर्षी मुलाचं लग्न ठरलं आणि घर नवं करायचं निघालं. एका इंटिरियरवाल्यांकडून कोटेशन आणलं. सात लाख चाळीस हजार. त्यात पीओपीचं सीलिंग, भिंतभर टीव्ही युनिट, सोफा, आणि जुनी मोझॅक फरशी उखडून व्हिट्रिफाइड टाइल. मुलगा कर्ज काढायला तयार होता. माझं मन घेईना. दहा वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघरात तयार ट्रॉल्या बसवल्या होत्या. वरून गुळगुळीत सनमायका, आत दाबलेला भुसा. सिंकखालचा पाइप एका पावसाळ्यात झिरपला आणि सगळ्या फळ्या पुऱ्या फुगल्यासारख्या फुगल्या. त्या भंगारवाल्यानेही नेल्या नाहीत. म्हणाला, "ताई, हे जाळलं तरी नुसता धूर." तो उग्र वास मला आजही आठवतो. अशा फळ्यांना जोडणाऱ्या डिंकात बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइड असतं आणि ते नव्या फर्निचरातून कितीतरी महिने हवेत सुटत राहतं, हे मला नंतर कळलं. बंद खोलीत नव्या कपाटाने डोळे का चुरचुरतात, त्याचं एक कारण हे.

त्याच महिन्यात सासरचा वाडा पाडायचं ठरलं. जुन्या नाशकात तिवंध्याजवळचा वाडा. दोन मजले, मधे चौक, माजघराला कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत. दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, तशी आमच्यालाही लागली होती. मागची भिंत सुटली होती, राहणं शक्यच नव्हतं, त्यामुळे पाडण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या धाकट्या दिरांनी पाडकाम ठेक्याने दिलं, मालासकट. म्हणजे पाडण्याचे पैसे त्याने कमी घ्यायचे आणि निघेल ते त्याचं. सगळीकडे असंच चालतं. कोरीव दाराची चौकट पहिल्याच दिवशी टेम्पोत चढली आणि नाशकाबाहेर गेली. ती कुणाच्या तरी हॉटेलात उभी राहिली असेल, तिचं बरंच झालं म्हणायचं. पण ज्यांच्यावर नक्षी नव्हती त्या तुळया, खिडक्यांची झडपं, जिन्याच्या पायऱ्या, फडताळांच्या फळ्या? त्या दिवशी मी तिथे उभी होते. एक पोरगा कुऱ्हाडीने सागाची फळी चिरत होता. विचारलं तर म्हणाला, जळणाला जाणार, किलोवर.

मी ठेकेदाराला हात जोडून म्हटलं, जळणाचा जो भाव येतोय तो माझ्याकडून घ्या, पण हे मला द्या. तो भला माणूस होता, दिलं त्याने. तीन तुळया, चार खिडक्या, एक साधं दोन झडपांचं दार, अकरा खुंट्या. टेम्पोभाड्यासकट नऊ हजार झाले.

सोसायटीत सामान उतरवताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, नवी सून यायची घरात आणि पडक्या घरचं लाकूड कशाला आणतेस? बरं नसतं ते." त्यांच्या बोलण्यात माझ्याविषयी काळजीच होती. मलाही क्षणभर चरकल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी सुतारमामा आले. सातपूरला कारखान्यात ओतकामाचे लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनवायचं काम करून निवृत्त झालेले, सत्तरीचे. त्यांनी सगळ्यात जाड तुळई उलटी केली, हातातल्या ओल्या फडक्याने पुसली आणि मला बोलावलं. तुळईच्या एका बाजूला चौकोनी खाचा होत्या, ज्यांत वाड्याच्या कड्या बसत होत्या. त्या खाचा ताज्या दिसत होत्या. दुसऱ्या बाजूला मात्र आणखी तीन खाचा होत्या, वेगळ्या मापाच्या, वेगळ्या अंतरावर, आणि त्या लाकडाच्याच तुकड्यांनी बुजवलेल्या होत्या. मामा म्हणाले, "वहिनी, हे लाकूड तुमच्या वाड्यात आलं तेव्हाच जुनं होतं. आधी कुठल्या तरी दुसऱ्या घराला लागलेलं आहे. हे बघा, हा सांधा या वाड्याचा नाहीच."

संपादक महोदय, मी त्या बुजवलेल्या खाचांवरून बोट फिरवलं तेव्हा मला भरून आलं. माझ्या आजेसासऱ्यांच्या वडिलांनी वाडा बांधला असं आम्ही समजत होतो. त्यांनीही कुणाच्या तरी उतरवलेल्या घराची तुळई आणली होती आणि तिच्याखाली चार पिढ्या जेवल्या, झोपल्या, बाळंत झाल्या. काकूंना मी वर बोलावून ते दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी मामांसाठी चहा त्यांच्याकडून आला.

पुढचं काम वेळखाऊ होतं, हे खरं सांगायला हवं. जुन्या लाकडात खिळे असतात. चौकोनी, लोहाराच्या हातचे, आत मोडलेले. एकही राहिला तर रंध्याचं पातं जातं. मामा आधी लोहचुंबक फिरवायचे, खडूने खूण करायचे, मग भोवतीचं लाकूड पटाशीने जरासं मोकळं करून अंबुराने खिळा ओढायचे. एका तुळईतून सत्तावन्न खिळे निघाले. ते मी बरणीत ठेवलेत. एक तुळई आतून पोकळ निघाली, वाळवीने खाल्लेली. वरून ठोकलं की बद्द वाजायची. ती घरात आणायची नाही असं मामांनी बजावलं. म्हणजे जुनं ते सगळंच घ्यावं असं मुळीच नाही. ठोकून, टोचून, पारखून घ्यावं लागतं. पण उरलेल्या दोन तुळयांवर रंधा फिरला आणि काळ्या कुळकुळीत लाकडाखालून मधाच्या रंगाचा साग निघाला. शंभर वर्षांनीही त्याला तेलकट वास होता. सगळी खोली त्या वासाने भरली. आज एका तुळईचं जेवणाचं टेबल आहे, दुसरीचं दिवाणखान्यातलं बाक. खिडक्यांपैकी दोघींत आरसे बसवले. दार मुलाच्या खोलीला जसंच्या तसं लागलं, कडी-कोयंड्यासकट.

त्या दारावर हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर होते. इथे एक सूचना वाचकांना कळकळीने करते. जुना तेलरंग कोरडा घासू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या दाराखिडक्यांची धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं फार वाईट, मेंदूवर परिणाम होतो. आम्ही दार गच्चीवर नेऊन ओलं करून घासलं, तोंडाला फडकं बांधलं आणि निघालेला लगदा पिशवीत बांधून वेगळा ठेवला. गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर हे काम घरात काढूच नये.

फरशीचं म्हणाल तर मोझॅक उखडायची नाही हे माझ्या यजमानांनी ठरवलं. तीस वर्षांत ती काळपट झाली होती, इतकंच. पॉलिशवाल्याने मशिनला जाड दगड लावून सुरुवात केली, मग बारीक, मग आणखी बारीक, आणि पाण्याचा मारा. घरभर राखाडी चिखल. पण चौथ्या दिवशी त्या फरशीतले संगमरवराचे कपचे, पांढरे, काळे, विटकरी, असे उमटले की सूनबाई म्हणाली, हे तर नवीन डिझाइन वाटतंय. खर्च नव्या टाइलच्या चौथाईसुद्धा नाही, आणि एक घमेलंही राडारोडा निघाला नाही. एकच सांभाळायचं : तो चिखल मोरीत ओतायचा नाही. पाइपात सिमेंटसारखा बसतो. आम्ही बादल्यांत निवळू दिला, पाणी गच्चीवरच्या कुंड्यांच्या कडेला नेऊन ओतलं, गाळ सुकवला.

भिंतींना मात्र माझ्याच हातून चूक झाली, आणि ती सांगितली तर दुसऱ्या कुणाचा खर्च वाचेल. लहानपणी मी माहेरी चुन्याच्या भिंतींत वाढले. त्या थंड, शांत पांढऱ्या रंगाची मला ओढ होती. म्हणून चुना लावायचं ठरवलं. पाच किलो चुनकळी आणली. ती लोखंडी पिंपातच विरवायची, प्लॅस्टिकच्या बादलीत नाही, कारण पाण्यात पडली की ती खदखदा उकळते आणि बादली वितळते. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात थोडी थोडी चुनकळी सोडायची. डोळ्यांना चष्मा हवाच. तीन दिवस तशीच मुरू दिली, सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळली, भिजवलेला डिंक घातला, चिमूटभर नीळ. ताकाइतका पातळ. सगळं शास्त्रशुद्ध. आणि तो मी जुन्या प्लॅस्टिक रंगावरच मारला! पंधरा दिवसांत भिंतीचे पापुद्रे सुटायला लागले. हात लावला की पापडासारखे गळायचे. चुन्याला प्लास्टर लागतं, ते त्याला शोषून घेतं, तेव्हाच तो धरतो. प्लॅस्टिक रंगावर त्याला पकडच मिळत नाही. मग पुन्हा सगळं लोखंडी पट्टीने खरवडून प्लास्टर मोकळं केलं, भिंत पाण्याने भिजवली आणि पातळ तीन हात दिले. ओला असताना चुना भिंतीवर दिसतच नाही. वाटतं, लागलाच नाही. आणि दुपारपर्यंत, कुणी आतून दिवा लावावा तशी भिंत पांढरी होत जाते. सून आणि मी जमिनीवर बसून ते बघत होतो.

चुन्याची भट्टीही इंधन खाते, तेव्हा चुना म्हणजे अगदी निर्दोष असं मी म्हणणार नाही. पण भिंतीवर सुकताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि घट्ट होतो, त्याला रंगासारखा वास नाही, आणि पावसाळ्यात भिंतीतली ओल अडकून बुरशी धरत नाही. दिवाणखाना आणि आमची खोली चुन्याची आहे. स्वयंपाकघरात आम्ही कमी वासाचा धुता येणारा रंगच दिला, फोडणीच्या तेलापुढे चुन्याचा निभाव लागत नाही.

कापडाचं काम माझ्या हातातलं. सासूबाईंच्या सहा सुती नऊवाऱ्या ट्रंकेत होत्या, मऊ झालेल्या. एका नऊवारीत आठ मीटरच्या वर कापड असतं, खिडकीचे चार पडदे निघतात. काठ खाली येईल असं बेतलं. उन्हाची तिरीप त्यातून आली की सासूबाईंच्या त्या जांभळ्या रंगाची ओल फरशीवर पडते. विरलेल्या भागांच्या गोधड्या घातल्या, धावदोऱ्याच्या. नव्या सोफ्याऐवजी जुन्याचा कापूस पिंजून घेतला आणि वर खादीची कव्हरं. माझ्या गिऱ्हाइकांना मी हेच सांगते, आईची साडी टाकू नका, घेऊन या. आणतात आणि शिवून झाल्यावर काहीजणी रडतातही.

आता उकाडा. नाशिक थंड हवेचं म्हणून लोक इथे राहायला यायचे. आता उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वरच्या मजल्यावरच्या आम्हाला रात्री बारापर्यंत स्लॅबची धग सोसावी लागते. एसी घ्यावा की नाही यावर मुलाचं आणि माझं वाजलंही. शेवटी होळीच्या आधी गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन जाड हात दिले, थोडा फेविकॉल घालून. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, साधी गोष्ट. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून बांबूच्या चिका, म्हणजे गुंडाळायचे पडदे, लावल्या. बाहेरून, हे महत्त्वाचं. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो, तोवर काच तापलेली असते. मे महिन्यात दुपारी छताला हात लावून बघायचा नाद लागला होता मला. फरक होता. पावसात गच्चीचा चुना धुपतो, दरवर्षी लावावा लागणार. पंखेही बदलले. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा कमी वीज खाणाऱ्या मोटरचा (बीएलडीसी) ३० च्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. सौरऊर्जेचं सोसायटीत अजून ठरत नाही. केंद्राची योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे, एकट्या घराला तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत आणि सोसायटीच्या सामाईक विजेला किलोवॅटमागे १८ हजार अनुदान मिळतं, हे मी दर मीटिंगला सांगते.

सगळं मिळून एक लाख ऐंशी हजार खर्च झाला. त्यातला मोठा वाटा स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या ट्रॉल्यांचा आणि मामांच्या मजुरीचा. मजुरी कमी केली नाही, त्यांनी मागितली ती दिली. पैसे प्लायच्या दुकानात जाण्याऐवजी माणसाच्या हाताला गेले, याचं मला समाधान आहे.

हे सगळं एवढं लांबण लावून लिहिलं, कारण माझ्या मनातून ती कुऱ्हाड जात नाही. सकाळी मी नासर्डीच्या कडेने फिरायला जाते. हल्ली तिला नंदिनी म्हणतात. त्या नंदिनीच्या काठाला फुटक्या टाइल, पीओपीच्या चौकटी, प्लायचे फुगलेले तुकडे, संडासाची भांडी यांचे ढीग दिसतात. रात्री ट्रॅक्टर येतो आणि ओतून जातो. घंटागाडी ओला-सुका कचरा नेते, विटा-फरशा नेणं तिचं काम नाही. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याचे वेगळे नियम २०१६ मध्ये झाले, ज्याच्या घरचा राडारोडा त्यानेच तो वेगळा ठेवून योग्य जागी द्यायचा, असं त्यांत सांगितलं होतं. पण इंटिरियरचं कोटेशन देताना 'तुमचा निघालेला माल आम्ही कुठे टाकणार' हे मला कुणीच सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नव्हतं. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. पंचवटीत, नाशिकरोडला, सगळीकडे घरं, लॉज, धर्मशाळा रंगवायला निघतील. पाहुणा येतो म्हणून घर सजवायचं आणि निघालेला राडा गोदेला मिळणाऱ्या नदीत लोटायचा, हे ज्या गंगेत आपण डुबकी मारणार तिच्याशी बरं वागणं नव्हे.

आणि एकाच शहरात एका टोकाला साग जळणाला जातो, दुसऱ्या टोकाला माझ्या मुलासारखी पोरं भुशाच्या फळ्यांसाठी कर्ज काढतात. दोघांची गाठच पडत नाही. वाडेवाल्याला आठ दिवसांत जागा मोकळी करायची असते आणि ज्याला हवंय त्याला पत्ता नसतो.

म्हणून आपल्याला विनंती आहे. आठवड्यातून एकदा, आतल्या कुठल्याही पानावर, चार बोटं जागा द्या. कुठल्या भागात कोणता वाडा किंवा जुनं घर उतरवलं जाणार आहे, काय निघेल, तुळया, चौकटी, शहाबादी फरशी, पितळी कड्या, कोणत्या तारखेपर्यंत उचलावं लागेल, एवढंच छापा. जाहिरातीचे पैसे घेऊ नका. सुतारमामांसारखे कारागीर आहेत अजून, त्यांनाही काम कळेल. वाडेमालकांना माझं सांगणं, ठेका देण्याआधी एक दिवस वही घेऊन फिरा आणि काय काय आहे ते लिहून काढा. आम्ही लिहिलं नाही. माडीवरच्या झोपाळ्याची सागवानी फळी कुठे गेली ते आजपर्यंत कळलेलं नाही.

सुरुवात माझ्यापासून करा. आमच्या जिन्याखाली वाड्याच्या दोन खिडक्या पडून आहेत, गजांसकट, प्रत्येकी साडेतीन फूट उंच, एका झडपाची बिजागरी नवी लागेल. पाच खुंट्याही उरल्या आहेत. पैसे नकोत. ज्याला खरंच घरात लावायच्या आहेत त्याने न्याव्यात. माझा पत्ता आणि फोन पत्रासोबत वेगळ्या कागदावर जोडला आहे, तो छापू नये, कुणी विचारायला आलं तर कार्यालयातून द्यावा. संध्याकाळी चारनंतर मी घरीच असते.

आपली नम्र,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक